‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

व्यापारी घरात एखादे येणे थकले म्हणून ते लगेच बुडीत खात्यात टाकले जात नाही. आधी माणूस पाठवून चौकशी होते. देणेकरी खरोखर बुडाला आहे, तात्पुरत्या अडचणीत आहे, की आपल्याच पेढीवरून तगादा नीट गेला नाही, हे पाहिले जाते. मग काही रक्कम पूर्ण वसूल होते, काही हप्त्याहप्त्याने येते आणि थोडी खरोखरच सोडून द्यावी लागते. पैशाच्या बाबतीत इतकी सावध असणारी हीच कुटुंबे घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीचा हिशेब मात्र फार घाईने मिटवतात. वडील जुन्या गिऱ्हाइकाचे नाव विसरले, आई जिन्यात दोनदा थांबली, आजोबांचे पाऊल अंधारात अडखळले, की निकाल तयार असतो : ‘वय झाले.’ या दोन शब्दांनंतर कोणी पुढे काही विचारत नाही.

वार्धक्यात येणारी घसरण परत फिरवता येते काय? या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देता येत नाही. कारण ज्याला आपण घसरण म्हणतो तिच्यात तीन वेगवेगळ्या रकमा मिसळलेल्या असतात. पहिली, वापर थांबल्यामुळे गेलेली शक्ती. ही बरीचशी परत येते. दुसरी, शरीरातील एखादी कमतरता किंवा दुसऱ्याच आजाराने आणलेली दुर्बलता. कारण वेळीच सापडले तर हीदेखील परत येते. तिसरी, मेंदूच्या किंवा अवयवांच्या खऱ्या झिजेची. ही परत येत नाही. तिचा वेग कधी मंदावता येतो आणि उरलेले नीट सांभाळता येते. यांपैकी कोणती रक्कम किती, हे ठरवण्याआधीच सगळे वयाच्या नावे लिहून टाकणे ज्येष्ठांवर अन्यायाचे आहे.

वापराअभावी गेलेले बळ

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या बाजारपेठेत जुन्या व्यापारी कुटुंबांची रचना ठरलेली असे : खाली दुकान, वर घर. घरातील वडीलधारा माणूस दिवसातून आठ-दहा वेळा जिना चढत-उतरत असे. सकाळी पायी दर्शनाला जाणे, गादीवर मांडी घालून बसणे, माल उतरवताना उभे राहणे, शेकडो गिऱ्हाइकांचे चेहरे आणि त्यांची खाती डोक्यात ठेवणे, हे सारे त्याच्या दिनक्रमात आपोआप येई. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते.

गेल्या काही वर्षांत यांपैकी अनेक कुटुंबे घोडबंदर रस्त्यावर, खडकपाड्याला किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरील उंच इमारतींत राहायला गेली. घर मोठे झाले, लिफ्ट आली, दाराशी मोटार आली. दुकानाचा हिशेब संगणकावर गेला आणि मुलांनी प्रेमाने सांगितले, “बाबा, तुम्ही आता आराम करा.” हेतू सेवेचाच होता. पण त्या एका वाक्याने बाबांचा जिना गेला, पायी चालणे गेले, आकडेमोड गेली आणि दिवसभरात होणारी माणसांची भेटही गेली. डोंबिवलीत राहणारे कित्येक ज्येष्ठ स्थानकाच्या पुलावरील गर्दीच्या धास्तीने एकट्याने बाहेर पडणेच सोडतात. दोन-तीन वर्षांत पाय बारीक होतात, चाल मंदावते, बोलणे कमी होते. घरचे म्हणतात, वय झाले. वय झालेच आहे. पण त्यासोबत वापरही थांबला आहे.

वापर थांबण्याचा परिणाम किती मोठा असतो हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झाला. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. श्रम करण्याची त्यांची कमाल क्षमता तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी घटली होती, त्यापेक्षा ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांत अधिक घटली होती. त्यानंतर पन्नाशीतील या पाच जणांनी सहा महिने बेताचा, नियमित व्यायाम केला आणि दमश्वासाची ही क्षमता पुन्हा विशीतील मूळ पातळीवर आली.

पन्नाशीचे ठीक आहे, नव्वदीचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. त्याचेही उत्तर १९९० साली बॉस्टनमधील एका प्रयोगातून मिळाले. वृद्धांच्या संस्थेत राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या त्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. नव्वदीतील स्नायूलाही काम दिले की तो प्रतिसाद देतो, ही गोष्ट त्या दिवसापासून वादाची राहिलेली नाही.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साठीपुढील निरोगी माणसे केवळ दहा दिवस अंथरुणावर राहिली, तर दोन्ही पायांतील मिळून जवळजवळ एक किलो मांस घटते, असे २००७ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणून ताप, पडणे किंवा शस्त्रक्रिया यानंतर ‘पडून राहा’ हा घरगुती सल्ला देण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : यांना उठवून बसवायचे कधी आणि चालवायचे कधी?

व्यायामासाठी यंत्रशाळेची गरज नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण तोल सांभाळणे, पाण्याची अर्धी भरलेली बाटली हातात घेऊन ती खांद्यापर्यंत उचलणे, एवढ्यावर आरंभ होतो. आपल्याकडे सामायिकासाठी कटासणे अंथरून ४८ मिनिटे खाली बसण्याची पद्धत आहे. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणे हीच पायांच्या बळाची एक चांगली कसोटी आहे. गुडघे खरोखर निकामी नसतील तर ही सवय खुर्ची आल्याबरोबर मोडू नये. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचे चालणे किंवा तत्सम श्रम करावेत आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तलावपाळीची सकाळची फेरी उत्तम आहे. पण केवळ चालण्याने मांडीचे बळ फारसे वाढत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसते. हृदयविकार किंवा सांध्यांचा आजार असलेल्यांनी आरंभ डॉक्टरांना विचारूनच करावा.

व्यायामाबरोबर अन्नही हवे. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला साठ ते बाहत्तर ग्रॅम. अनेक ज्येष्ठांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण खाखरा, चहा आणि थोडी भाजी एवढ्यावर आटोपते. त्यातून ही गरज भागत नाही. घट्ट वरणाच्या एका वाटीतून साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम पनीरमधून सुमारे नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. द्विदळाचा नियम पाळणाऱ्या घरांत सकाळी मूग-चवळी-हरभरा आणि संध्याकाळी दूध-दही-पनीर अशी वाटणी सहज बसते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी मात्र हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

शाकाहारी घरातील एक कमतरता

ज्या कारणाकडे जैन कुटुंबांनी सर्वांत आधी पाहायला हवे, ते महाराष्ट्रातच, पुण्यात, स्पष्ट झालेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली. खेड्यात राहणारे, शहरातील झोपडपट्टीत राहणारे आणि शहरी मध्यमवर्गीय, असे तिन्ही गट त्यात होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी व्यक्तींमध्ये ही कमतरता असण्याची शक्यता ४.४ पट होती.

बी-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात. धान्य, डाळी, भाज्या व फळे यांतून ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्याचा आधार प्रामुख्याने दूध आणि दुधाच्या पदार्थांचा. वय वाढले की जठरातील आम्ल घटते आणि अन्नातून ते शोषले जाण्याचे प्रमाण आणखी कमी होते. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर शोषण पुन्हा घटते. आम्लपित्तासाठी रोज उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी गोळी याच दिशेने काम करते. शाकाहार, मधुमेहाची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी, हा तिहेरी योग व्यापारी कुटुंबातील सत्तरीच्या माणसात किती सर्रास आढळतो, हे वाचकांनी आपल्याच घरात मोजून पाहावे.

या कमतरतेची लक्षणे म्हाताऱ्या वयाचा वेश घेऊन येतात. तळपायांना मुंग्या, कापसावर चालल्यासारखे वाटणे, अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जाणे, थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा. रक्तातील हिमोग्लोबिन चांगले असतानाही मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. म्हणून ‘रक्त ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. नुसते फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्त सुधारते आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहते, हाही धोका आहे. या विकारात वेळेला फार महत्त्व आहे. काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर चाल व बुद्धी बऱ्याच अंशी पूर्ववत होते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर थोडे नुकसान कायमचे राहते.

औषधाविषयी एक शंका श्रावक घरांत नेहमी निघते : हे जीवनसत्त्व प्राण्यांपासून काढतात काय? औषधातील बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून बनवले जाते. अडचण असते ती पुष्कळ कॅप्सूलच्या जिलेटिनच्या वेष्टनाची. त्यासाठी औषधविक्रेत्याला विचारून गोळीच्या स्वरूपातील औषध घ्यावे किंवा डॉक्टरांना इंजेक्शनविषयी विचारावे. नियमही राहतो आणि उपचारही होतो. मात्र ज्यांच्या शरीरात बी-१२ पुरेसे आहे, त्यांची स्मरणशक्ती या गोळीने वाढत नाही. आधी तपासणी, मग औषध, हाच क्रम योग्य.

वयाच्या नावाखाली लपणारे आजार

बी-१२ हे एकच उदाहरण झाले. थायरॉइडचा स्राव कमी पडला तर माणूस सुस्त व विसराळू होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटते आणि बोलण्यात गोंधळ येतो. झोपेच्या, लघवी रोखण्याच्या आणि सर्दीच्या काही औषधांनी वृद्ध मेंदूवर मळभ येते. हृदय, मधुमेह, सांधे आणि पोट यांसाठी चार ठिकाणी चार डॉक्टर असलेल्या माणसाच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवणे, हा कित्येकदा सर्वांत स्वस्त उपचार ठरतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मात्र कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नये.

न्हाणीघरात घसरून डोक्याला किरकोळ मार लागतो, सगळे विसरून जातात आणि काही आठवड्यांनी आजी असंबद्ध बोलू लागतात. कवटीच्या आत हळूहळू साठलेले रक्त हे त्याचे कारण असू शकते. ते स्कॅनमध्ये दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरील ताबा जाणे आणि मंदावलेली बुद्धी ही तीन लक्षणे एकत्र आली, तर मेंदूतील पाणी साठण्याचा एक विकार असू शकतो; त्यावरही काही रुग्णांत शस्त्रक्रियेने लक्षणीय सुधारणा होते. विधुर झालेल्या किंवा दुकान सुटलेल्या माणसाचे गप्प होणे हे नैराश्य असू शकते आणि नैराश्य बरे होते. मोतीबिंदू झालेला माणूस चेहरे ओळखत नाही. ऐकू न येणारा चुकीची उत्तरे देतो. दोघांनाही घरात ‘भ्रमिष्ट’ ठरवले जाते.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर तो वार्धक्याचा नसतोच, असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणे, नवी गोळी, अशी त्याची कारणे असतात. चौविहार किंवा उपवास करणाऱ्या ज्येष्ठांत, विशेषतः उन्हाळ्यात आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, पाणी कमी पडण्याची शक्यता अधिक. पर्युषणात इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कोणता नियम घ्यावा हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. औषधाची वेळ व मात्रा मात्र पर्व सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगून ठरवावी. उपवास डॉक्टरांपासून लपवू नये आणि गोळी घरच्यांपासून लपवू नये.

जे मंदावता येते

आता खऱ्या स्मृतिभ्रंशाकडे, म्हणजे डिमेन्शियाकडे, वळावे. देशव्यापी नमुना-पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. आकडा मोठा आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की साठीपुढील शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक माणसांना तो नाही. स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ शेवट असता, तर असे झाले नसते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली चौदा कारणे नोंदवली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मद्यपान, स्थूलता, बैठे जीवन, डोक्याला इजा, नैराश्य, एकटेपणा, अल्पशिक्षण, हवेचे प्रदूषण, श्रवणदोष आणि दृष्टिदोष ही ती होत. ही सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. हा साऱ्या समाजाचा हिशेब आहे. एखाद्या व्यक्तीला त्यातून हमी मिळत नाही. तरीही यांतील बरीच कारणे चाळिशीपासूनच आवरता येण्याजोगी आहेत. आज गल्ल्यावर बसलेल्या मुलाने स्वतःचा रक्तदाब मोजून घेणे, ही वडिलांच्या आजारातून घ्यायची पहिली शिकवण.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, विस्मरणाचा धोका असलेल्या १,२६० व्यक्तींवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. अर्ध्यांना आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असा एकत्रित कार्यक्रम दिला. इतरांना नेहमीचा सल्ला दिला. २०१५ साली निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण पहिल्या गटातील सुधारणा २५ टक्क्यांनी अधिक होती. श्रवणयंत्रांबाबत २०२३ साली अमेरिकेतील ९७७ ज्येष्ठांच्या तीन वर्षांच्या प्रयोगातून आलेले उत्तर अधिक सावध आहे. सर्वांचा एकत्र विचार करता फरक पडला नाही. मात्र ज्यांना आधीच अधिक धोका होता, त्यांच्यातील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. कानाचे यंत्र ‘शोभत नाही’ म्हणून कपाटात ठेवणाऱ्या आजोबांना हा आकडा सांगण्यासारखा आहे.

जे परत येत नाही

अल्झायमरसारख्या आजारात नष्ट झालेल्या मेंदूपेशी परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. उपलब्ध गोळ्यांनी काही काळ थोडा आराम पडतो. नवी इंजेक्शने सुरुवातीच्या अवस्थेत घसरण काहीशी मंद करतात, गेलेले परत देत नाहीत. म्हणून स्मरणशक्ती ‘पूर्ववत’ करून देण्याची हमी देणारी चूर्णे, तेले आणि महागडी पॅकेजे यांपासून दूर राहावे. व्यवहारात जो माणूस हमीशिवाय माल घेत नाही, तो अशा वेळी हतबलतेमुळे फसतो.

अशा आजारात ‘सांभाळणे’ हा शब्द उपचाराइतकाच महत्त्वाचा. दिनक्रम ठरलेला असावा, वस्तू जागच्या जागी असाव्यात, रात्री मंद दिवा असावा, न्हाणीघरात धरायला दांडा असावा. चुकल्यावर वाद घालू नये. प्रश्न दहाव्यांदा आला तरी उत्तर पहिल्यांदाच्या स्वरात द्यावे. आणि शक्य तोवर एखादे खरे काम त्यांच्या हाती ठेवावे. गल्ला सांभाळणे जमत नसेल तर सकाळी दुकानात दिवा लावणे, पिशव्यांच्या घड्या घालणे, जुन्या गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलणे जमते. ज्या माणसाने पन्नास वर्षे शटर उघडले, त्याला दुकानापासून पूर्ण तोडले की तो आजारापेक्षा लवकर खचतो.

व्यापारी घरांत आणखी एक गोष्ट वेळेवर व्हायला हवी. विसर पडू लागलेल्या व्यक्तीच्या सहीवर बँक, भागीदारी, भाडेकरार आणि उधारी अवलंबून असतात. मोबाइलवर येणारा गुप्त क्रमांक विचारणारे ठगही अशाच माणसाला गाठतात. समज शाबूत असतानाच मृत्युपत्र, वारसनोंदी, संयुक्त खाती आणि व्यवहाराची मर्यादा यांची व्यवस्था त्यांच्या संमतीने व वकिलाच्या सल्ल्याने करावी. दिलेले कुलमुखत्यारपत्र, देणाऱ्याची समज गेल्यावर साधारणपणे कायद्याने टिकत नाही, हे अनेक कुटुंबांना फार उशिरा कळते. हे काम त्यांच्या पाठीमागे केले तर ती फसवणूक ठरते. समोर बसवून, समजावून केले तर तो मान राहतो.

ठाण्याचे नाव या विषयाशी एका वेगळ्या कारणाने जोडलेले आहे. १९०१ पासून येथे मनोरुग्णालय आहे आणि त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा महाराष्ट्रभर रूढ झाली. त्या थट्टेने केलेले नुकसान थोडे नाही. आईचा विसरभोळेपणा मनोविकारतज्ज्ञांकडे नेला तर समाजात काय म्हणतील, मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल काय, या भीतीने पहिली एक-दोन वर्षे वाया जातात, आणि उपचाराने बरी होणारी कारणे नेमकी याच काळात हातची जातात. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली आणि मनाच्या आरोग्याविषयी उघडपणे बोलण्याची सवय शहराला लावली. ती सवय आपल्या घरांतही यायला हवी. आरंभ नेहमीच्या डॉक्टरांपासूनच करावा. पुढे गरजेप्रमाणे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ. माहितीसाठी व अडचणीत ज्येष्ठांकरिता १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकाही एकटेपणावरचा चांगला उतारा आहेत.

जे परत येत नाही ते कसे वाहावे, याचे एक उदाहरण आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातून आलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांना १९४९ साली पक्षाघात झाला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने उभारणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे पत्नी कस्तुरबाई यांच्या शुश्रूषेत गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. आज पक्षाघातावर पहिल्या साडेचार तासांत योग्य रुग्णालय गाठले तर निवडक रुग्णांत गुठळी विरघळवणारे औषध देता येते आणि पुढील महिन्यांतील व्यायामोपचाराने गेलेले बळ बरेचसे परत मिळवता येते. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये.

कस्तुरबाईंसारखी शुश्रूषा प्रत्येक घरात कोणीतरी करते आणि बहुतेक वेळा ती एकटी सूनच असते. वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तपांत मोजले आहे. साधू-साध्वींच्या सेवेसाठी संघातील सर्व जण पाळी लावतात. तशी पाळी घरातील वृद्धांसाठीही लावता येते. मुलगा, नातवंडे, लेक-जावई यांनी आठवड्याचे दिवस वाटून घेतले आणि सुनेला महिन्यातून चार दिवस पूर्ण मोकळे मिळाले, तर सेवा टिकते. तिच्या थकव्याची चौकशीही ज्येष्ठांच्या औषधाइतकीच नियमाने व्हावी.

पुढील रविवारी, दुकान बंद असताना, प्रत्येक घराने एवढे करावे. ज्येष्ठांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत गोळा कराव्यात. गेल्या सहा महिन्यांत चाल, बोलणे, झोप, ऐकणे आणि विसर यांत काय बदल झाला, तो कधी सुरू झाला, हे एका कागदावर लिहावे. त्या कागदासह डॉक्टरांकडे जाऊन बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर यांच्या तपासण्यांविषयी आणि कान-डोळ्यांविषयी विचारावे. आणि ही सगळी चर्चा त्यांच्या डोक्यावरून न करता, खुर्ची पुढे ओढून, आधी त्यांनाच विचारावे : “आई, तुम्हाला काय त्रास वाटतो?”